दोन हात डावीकडे

पहाटे पावणेचारला
सुगंधाची झोप मोडू नये म्हणून
पांघरुणाच्या आत उघडतो मी समुद्र.

आधी गोल चक्र फिरतं.
मग काळोख, त्यात हलणारा दुसरा काळोख
आणि त्याच्या काठाला एक पांढरी रेघ,
येते, मोडते, येते.
वरच्या कोपऱ्यात आकडा : अकरा जण बघतायत.
मी एक. उभादांड्याचा बस्त्याव एक.
मस्कतचा मेव्हणा भालू एक, त्याला मासे धरायचे नाहीत,
तो नुसताच बघतो.
बाकीचे आठ कोण, देव जाणे.

कॅमेरा केळूसच्या रिसॉर्टच्या गच्चीवरचा,
पाहुण्यांसाठी, मावळतीकडे तोंड करून लावलेला.
त्यात चार छत्र्या, सहा खुर्च्या,
कुणाची तरी विसरलेली चप्पल,
आणि लाट, पण लाडावलेली, वाळूवर लोळणारी.
आम्हाला हवी ती फुटते खाडीच्या तोंडाशी,
जिथे वाळूचा दांडा दरसाल जागा बदलतो.
ती जागा चित्राच्या बाहेर.
दोन हात बाहेर.

तरी शिकलो.
छत्रीची झालर उलटी झाली की समजायचं, वारा फिरला.
खुर्च्यांचे पाय पाण्यात, म्हणजे उधाण, घाई नको.
भिंगावरचे थेंब घसरले नाहीत, चिकटून राहिले,
तर तो पाऊस नव्हे, खार आहे, दर्या उडतोय.
एकदा भिंगासमोर कोळ्यानं जाळं विणलं.
आठ दिवस अख्खा समुद्र त्याच्या जाळ्यात,
आणि आमची जाळी कोरडी.

वडील रात्री लघवीला उठायचे
आणि आत येता येता म्हणायचे, आज नको.
कसं कळलं विचारलं की चिडायचे.
कधी कधी चुकायचेही.
ते आता कुणी सांगत नाही.

निकम मॅनेजर, साताऱ्याकडचा, बरा माणूस.
पिशवीत पाच बांगडे घेऊन गेलो.
साहेब, कॅमेरा जरा डावीकडे. दोन हात.
हसला. पाहुण्यांना सूर्यास्त लागतो हो,
खाडीत काय आहे?
खाडीत बाबल तारीची होडी आहे,
उलटी, तीन वर्षं.
हे मी बोललो नाही.
बांगडे ठेवले आणि आलो.

मग कार्तिकात ते वादळ.
पत्रे गेले, खांब वाकला,
आणि कॅमेऱ्याची मान वळली
अडीच हात, डावीकडे.
तिसऱ्या पहाटे आकडा : एकशे चार.
सगळी वाडी आपापल्या पांघरुणात जागी.
दांडा दिसत होता, उघडा, पाठ काढलेल्या म्हशीसारखा.
तीन लाटा लागोपाठ, मग उसंत.
उसंत मोजली. चोवीस.
दुसऱ्यांदा मोजली. तेवीस.
उठलो, वल्हं घेतलं.

सुगंधानं ते सगळं पाहिलं म्हणे, माझ्याच फोनवर.
नाळ उचलली तेव्हा डोळे घट्ट मिटले तिनं.
भालू मागाहून म्हणाला,
वहिनी, ते चित्र चाळीस सेकंद मागं असतं.
म्हणजे तिनं डोळे मिटले तेव्हा
मी दांड्याच्या पलीकडे होतो,
पंपानं पाणी उपसत, कदाचित शिवी देत.
ती अजून मानत नाही.
म्हणते, मी मिटले म्हणून पोचलास.

शनिवारी निकम शिडी घेऊन चढला.
गच्चीवरून खाडीकडे बराच वेळ बघत राहिला,
मला वाटलं, आता तरी.
मग पाना काढला
आणि सूर्यास्त जागच्या जागी बसवला.

आज पुन्हा छत्र्या. पुन्हा खुर्च्या.
चप्पल मात्र नाही, कुणी तरी नेली, किंवा दर्यानं.
कोपऱ्यातला आकडा बघतो, बारा.
बारावा कोण म्हणून कूस बदलतो,
तर शेजारच्या गोधडीतून
निळसर उजेड झिरपतोय.
आतून आवाज येतो,
खुर्च्यो पाण्यात आसत. नीज वायच.